मुका थर

माझ्या थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या खाणीत मुका थर उघडा पडला. लग्न पानगळीच्या सुरुवातीला झालं. पाहुणे गेले, उसनी आणलेली भांडी घासून ज्याची त्याला पोचवायची राहिली होती, आणि त्याच आठवड्यात माझा भाऊ संध्याकाळी आला तो हात न धुताच बसला. म्हणाला, पूर्वेच्या भिंतीत काळी रेघ दिसतेय. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. आमच्या घरात त्या रेघेचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

इतरांना सांगावा लागेल.

आमची खाण फरशीच्या दगडाची. राखाडी दगड, वहीच्या पानांसारखा थरांवर थर. खाली पुरुष पहारींनी आणि पाचरींनी एकेक थर सुटा करत, क्रेन तो वर आणी, कटरवर त्याच्या फरश्या होत आणि मग त्या आमच्या शेडमध्ये पॉलिशला येत. आमचे हे दगडाची धूळ छातीत साठून गेले, तेव्हापासून मी पॉलिशवर होते. शेडची एक बाजू उघडी होती. तिथे उभं राहिलं की सगळी खाण पायाखाली दिसे, माणसं बोटाएवढी.

कोरडी फरशी काही दाखवत नाही. तिच्यावर पाणी ओतलं की ती उघडते. मग त्यात लांब, टोकाला निमुळती होत गेलेली एक वस्तू दिसे, तिला आम्ही गाजर म्हणायचो. मधोमध भोक असलेल्या गोल चकत्या दिसत, ती बटणं. आणि पाठीवर वळ्या असलेला, डोक्याला ढालीसारखं टोपण असलेला एक किडा, तो झुरळ. गिऱ्हाइकांना बटणं फार आवडत. स्वयंपाकघरात मात्र झुरळ कुणालाच नको असे, दगडाचंसुद्धा, म्हणून झुरळांच्या फरश्या दुकानांच्या पायऱ्यांना जात. ही सगळी एके काळी हलत होती, खात होती, असं काही माझ्या मनात येत नसे. लाकडात गाठी असतात तशी दगडात गाजरं.

आता मुका. चांगल्या दगडावर हातोडी मारली की तो खणकन बोलतो. त्या काळ्या थरावर मारली की बद्द आवाज येतो, जसं गादीवर मारावं. शिवाय त्यात गाजर नाही, बटण नाही, साधा शिंपलाही नाही. म्हणून तो मुका. तो मुळात चिखल, दगड झालेला. पाणी लागलं की पुन्हा चिखलाची आठवण काढतो, साबणासारखा होतो, आणि त्याच्या डोक्यावर जे उभं असेल ते त्याच्यावरून घसरून खाली येतं. आमच्या वडिलांच्या तरुणपणी खाणीच्या दुसऱ्या टोकाला तो असाच उघडा पडला होता. तेव्हा कोण कोण गेलं ते वडील सांगायचे, पण जेवताना कधी सांगायचे नाहीत.

तेव्हापासून खाणीत एक शिरस्ता पडला. मुक्यातून पाणी झिरपताना दिसलं, वरून खडे गळायला लागले, की ज्याच्या नजरेला पडेल त्याने एकच शब्द ओरडायचा: मुका. ऐकणाऱ्याने हातातलं तिथेच टाकायचं आणि समोरच्या उताराकडे धावायचं. कोण ओरडलं ते विचारायचं नाही, मान वळवून बघायचं नाही. नवा माणूस कामाला आला की पहार हातात देण्याआधी त्याला हा शब्द देत. खाणीत बहिरा नावाने ओळखला जाणारा एक जण होता, भोकं पाडायच्या मशीनवर आयुष्य गेल्याने कान गेलेला. त्याला शब्द ऐकू येत नसे, आणि त्याचं काही अडतही नसे. बाकीचे पळाले की तो पळे. सगळ्यांच्या आधी उतारावर तोच पोचायचा.

माझा भाऊ त्या खाणीचा मुकादम. मी त्याला दादा म्हणायचे, खाणीतले मुकादम म्हणायचे, आणि त्याच्याइतका हसरा मुकादम मी दुसरा पाहिला नाही. हसतखेळत माणसांकडून काम काढून घ्यायची त्याची हातोटी होती. लग्नाच्या जेवणात तो ग्लास घेऊन उभा राहिला. म्हणाला, सगळे मला विचारतात की तुला मुकादम का म्हणतात, तर आज सांगून टाकतो. मुका द्यायला दम लागतो, म्हणून. मग नवऱ्या मुलाकडे वळून त्याने विचारलं, "काय जावई, आहे ना दम?"

हसून हसून लोकांना ठसका लागला. थोरलीने तोंड ओंजळीत लपवलं. जावई कानांपर्यंत लाल झाला. आमचा जावई आमच्याच खाणीतला, पहारीवरचा, अंगाने आडवा आणि बोलायला लाजरा. असा माणूस मिळाला की खाणीतली माणसं सोडतात थोडीच.

लग्नानंतर थोरली रोज दुपारी त्याचा डबा घेऊन खाणीत उतरायची. पहिल्या दिवशी ती उतारावर दिसली मात्र, क्रेनवरच्या माणसाने वरून हाळी दिली, "मुकाऽऽ". खाली निम्मी माणसं घण टाकून धावली. उताराशी पोचून वळून बघतात तर भिंत जागच्या जागी, आणि थोरली डबा छातीशी धरून उभी. मग जे हसू फुटलं ते मला शेडमध्ये मशीन चालू असताना ऐकू आलं. बहिरा सगळ्यांच्या पुढे पोचला होता. त्याला खुणांनी सांगावं लागलं, दोन बोटं ओठांवर ठेवून, आणि मग तो पोट धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी कुणी धावलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळेच ओरडले. त्यानंतर तो रोजचा खेळ झाला.

काळी रेघ तेव्हा बोटभर होती. थंडी पडेपर्यंत वीतभर झाली. तिच्याखालचा थर फार चांगला होता, जाड, एकसंध, एकही चीर नसलेला, आणि तो काढायचा तर मुक्याच्या डोक्यावरच्या भिंतीखाली उभं राहूनच काढावा लागणार होता. त्या कामावर आमचा जावई होता.

याच सुमारास शिंपलेबाई आल्या. हे नाव माणसांनी ठेवलेलं. त्या कुठल्याशा विद्यापीठातल्या, दगडातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या. मुका थर उघडा पडल्याचं कळताच धावत आल्या, कारण आम्हाला ज्याची धास्ती त्याचीच त्या कित्येक वर्षं वाट बघत होत्या. दादाने पहिल्याच दिवशी त्यांची फिरकी घेतली. म्हणाला, बाई, मेलेल्यांची विचारपूस करायला इतक्या लांबून आलात, जिवंत आम्हाला कुणी कसं आहात म्हणून विचारत नाही. बाईंनी लगेच विचारलं, "कसे आहात मुकादम?" तो खो खो हसला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

पाण्याचा नळ आमच्या शेडमध्ये, म्हणून बाई तिथेच बसत. मला मावशी म्हणत. प्रत्येक दगडावर खडूने काहीतरी लिहून ठेवत. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, तर माझ्यासाठी त्या बाण काढायच्या, टोक आभाळाकडे. दगड हलवलात तरी बाणाचं टोक वर ठेवा, म्हणायच्या. उलटा ठेवलात तर आधी कोण मेलं आणि मागे कोण उरलं, सगळंच उलटं होऊन बसेल.

एके दिवशी त्यांनी तीन तुकडे ओळीने मांडले. पहिला मुक्याच्या खालचा, दुसरा मुक्याचा, तिसरा मुक्याच्या वरचा. म्हणाल्या, मावशी, पाणी घाला.

पहिल्यावर घातलं. त्यात इतकी गर्दी होती की बोट ठेवायला जागा नाही. गाजरांवर बटणं, बटणांवर शिंपले, मधूनमधून झुरळं. दुसऱ्यावर घातलं, तो नुसता आणखी काळा झाला. तिसऱ्यावर घातलं आणि मी वाट बघत राहिले. दगड तसाच राखाडी, तसाच चांगला, वाजवला तर बोलणारा, आणि आत कुणी नाही. पुन्हा पाणी घातलं. शेवटी बाईंनी नखाएवढा एक शिंपला दाखवला. एकटाच.

"बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं.

"मेले, मावशी."

मी म्हटलं, मरतात तर सगळेच, पण त्यांची पोरंबाळं? बाई म्हणाल्या, तीही. ती उरलीच नाहीत म्हणून हा दगड रिकामा. मग त्यांनी सांगितलं ते असं. इथे समुद्र होता, उथळ आणि उबदार. चव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या जमिनीवर बर्फ साचू लागलं. ते इतकं साचलं की समुद्राचं पाणी त्यात अडकून पडलं आणि समुद्र ओसरला. उथळ पाण्यात ज्यांची घरं होती ती उघडी पडली, पाणी गार झालं, आणि ज्यांना गारठा सोसेना ते गेले. तो पहिला घाव.

"आणि दुसरा?"

"दुसरा बर्फ वितळताना. पाणी परत आलं, पण घुसमटवणारं आलं. तळाशी श्वास घ्यायला काही नव्हतं. हा तुमचा मुका थर म्हणजे त्या वेळचा चिखल. गारठ्यातून जे तगले होते ना मावशी, त्यांतलेच पुष्कळ उबेत मेले. दोन्ही मिळून सात जातींमधली जेमतेम एक उरली."

कोटींचा आकडा माझ्या डोक्यावरून गेला. सातातली एक मात्र आत शिरून बसली. आम्ही भावंडं सात होतो.

बाईंनी मग पहिला तुकडा माझ्याकडे वळवला आणि त्याची वरची कड दाखवली, जिथे तो मुक्याला टेकत होता. तिथे झुरळं होती, पण नेहमीसारखी पसरलेली नव्हती. शेपूट डोक्याला लावून गोळा झालेली, एकाला लागून एक. मी विचारलं ही अशी का. बाई म्हणाल्या, भ्यायली की ही अशी गुंडाळी करून घेत, पोट मऊ आणि पाठ टणक म्हणून. काहीही झालं तरी त्यांच्याजवळ तेवढा एकच उपाय होता.

मी आयुष्यभर त्या झुरळांना हसत आले होते. त्या दिवसापासून फरशीवर पाणी ओतायला माझा हात अडखळायला लागला. वाटायचं, उघडेल आणि ती पुन्हा तशी दिसतील. वाटायचं की खाली भिंतीशी वाकलेला आमचा जावई वरून अगदी तसाच दिसतो, पाठ तेवढी दिसते.

जाण्याआधी बाई दादाशी बोलल्या. मी तिथेच होते. त्या म्हणाल्या, मुकादम, कडक गारठा आहे तोवर हा थर पाणी धरून गोठलेला राहील, वरची भिंतही घट्ट राहील. धोका आहे तो गोठलेलं वितळताना. दादा म्हणाला, आमचे वडील हेच सांगायचे, फक्त त्यांना कोटी ठाऊक नव्हते. दोघांचं एकमत होतं, मालकालाही ते पटलं. ठरलं असं की पूर्वेची भिंत ऐन गारठ्यात करायची, आणि हवा फिरली की त्या दिवसापासून तिथे कुणी उभं राहायचं नाही. बाई खोकी भरून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तुम्ही घाबरल्यासारख्या दिसता, मी उगाच सांगितलं का. मी म्हटलं, नाही हो बाई, थंडी वाजतेय.

थंडी पडली ती हाडं फोडणारी. पॉलिशच्या बादलीवर रोज सकाळी बर्फाची साय धरायची, ती मुठीने फोडून मी कामाला लागायचे. खाली भिंत लोखंडासारखी उभी होती. मुक्यावर हातोडी मारली तर गोठल्यामुळे तोही थोडासा वाजायचा, आणि माणसं म्हणायची, बघा, मुका बोलायला लागला. जो तो निर्धास्त होता. मी मात्र रोज एकदा तरी कठड्याशी जाऊन तो पट्टा बघायचे. आणि रोज दुपारी थोरली उताराला लागली की खालून ती आरोळी यायची. माझे पाय पळायला उचलले जायचे, आणि मग हसू ऐकू यायचं.

एकदा दादा शेडमध्ये हात शेकायला आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"दादा, तो शब्द बदल."

"कुठला?"

"माहीत आहे तुला कुठला. उद्या खरंच वेळ आली तर कोण पळेल?"

तो हात शेकत राहिला. मग म्हणाला, "बदलून भागत नाही गं. बापाच्या तोंडचा आहे. नवा शब्द दिला तर माणूस आधी विचार करेल, हा काय म्हणतोय. हा जुना सरळ पायात जातो."

"आता पायात नाही जात. दातांत जातो."

त्याला हसू आलं, ते त्याने अर्ध्यावर सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना उभं करून बजावलं की जो थट्टेने ओरडेल त्याला घरी बसवीन. त्याचा तसा आवाज माणसांनी ऐकला नव्हता. काही दिवस खाण चिडीचूप झाली. थोरली खाली जाऊन डबा ठेवून परत यायची, आणि मला वाटलं, सुटलो. मग एका दुपारी उतारावर साचलेल्या बर्फावरून तिचा पाय सटकला. जावयाने धावत जाऊन तिला अलगद झेललं आणि दोघं तसेच, एकमेकांना धरून, क्षणभर उभे राहिले. सगळी खाण बघत होती. कुणीतरी मागून अगदी हळू, चोरट्या आवाजात म्हणालं, "मुका." दादाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते, ते सगळ्यांना दिसलं. संपलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

थोरलीला मी सांगून पाहिलं, डबा सकाळीच त्याच्याबरोबर देत जा. ती म्हणाली, आई, गार होतो गं. आणि वर म्हणाली, बोलतात तर बोलू दे, चांगलं बोलतात. नव्या लग्नाची पोर, तिला त्या हाकेचं कौतुकच होतं.

मग तो दिवस आला. सकाळी मी बादलीत मूठ घातली आणि ती सरळ पाण्यात गेली.

साय नव्हती. मी हात तसाच आत ठेवून उभी राहिले. शेडच्या पत्र्यावरून टपटप गळत होतं. बाहेर ऊन पडलं होतं, कोवळं, कितीतरी दिवसांनी अंगाला लागणारं. कामावर येणारी माणसं मफलर सोडत होती, एक जण शीळ घालत होता. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, गेली बाबा एकदाची थंडी. मला बाईंचे शब्द आठवले आणि हातातला ओला फडका कुठे ठेवावा ते सुचेना.

दादा विसरला नव्हता. त्याने आल्याबरोबर सांगितलं होतं की पूर्वेची भिंत आजपासून बंद, पण खाली राहिलेली हत्यारं काढून आणायची आहेत, पहारी, पाचरी, घण, तेवढं पटकन उचला आणि वर या. खाली मोजकी माणसं उतरली. जावई होता, बहिरा होता. दादा उताराच्या मध्यावर उभा राहून भिंतीवर नजर ठेवून होता. मी मशीन चालू केलंच नाही. उघड्या बाजूला येऊन उभी राहिले.

वरून मला तो पट्टा दिसत होता. रोज तो कोळशासारखा निस्तेज असायचा. त्या दिवशी तो चमकत होता, लांबच्या लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या फरशीसारखा.

आणि थोरली उतारावर. ऊन पडलंय म्हणून लवकर निघाली होती, दुपारची वाट न बघता. दादाची तिच्याकडे पाठ होती. ती त्याला वळसा घालून पुढे गेली, तेव्हाच त्याला दिसली. तेवढ्यात भिंतीच्या माथ्यावरून खडे सुटले. मूठभरच. पण मी पाहिले आणि त्यानेही पाहिले.

"मुका!" दादा ओरडला.

खालच्या माणसांनी वर पाहिलं. उतारावर थोरली, हातात डबा. मग मुकादमाकडे पाहिलं. आणि माणसं हसली. इतके दिवस ज्याने दटावलं तोच आज उन्हाला भुलून सामील झाला, असं त्यांना वाटलं. एकाने टाळी वाजवली. जावई पहारी गोळा करता करता उभा राहिला आणि लाजत लाजत, पहिल्यांदाच, त्याने बायकोकडे बघून हात वर केला. थोरलीही हसली. ती चालत राहिली, भिंतीकडे.

दादा पुन्हा ओरडला. तोच शब्द. पळा म्हणायचं, भिंत म्हणायचं, काहीही म्हणायचं, पण तो शब्द त्याच्या हाडात होता आणि भीतीने तोंड उघडलं की तोच बाहेर पडत होता. हे मी खात्रीने सांगते, कारण मीही वरून ओरडले आणि माझ्याही तोंडून तोच निघाला. खाली माणसांनी मान वर करून पाहिलं. सासू ओरडतेय, मुका, मुका. हसून त्यांच्या हातातल्या पाचरी खाली पडल्या.

मग दादा धावला. त्या वयात तसा धावताना मी त्याला पाहिलं नव्हतं. त्याने थोरलीला दंडाला धरून मागे ओढलं, आपल्याकडे वळवलं आणि तिच्या मुस्काटात मारली. डबा खणखणत दगडांवर घरंगळला. लग्नात जिला उचलून नाचवलं होतं, जिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या भाचीला त्याने सगळ्यांदेखत मारलं, आणि मग वर उताराकडे ढकललं.

हसणं तुटलं. जावयाने पहारी फेकल्या आणि तो भिंतीखालून सरळ दादाच्या अंगावर धावून गेला. "मामा, तिच्यावर हात टाकता?" तो लाजरा मुलगा असा ओरडला की मला वर ऐकू आलं. दादाने त्याला बखोटीला धरून त्याच ओघात मागे, थोरलीच्या दिशेने भिरकावला. आणि बाकीच्यांच्या पायांनी तेव्हा ओळखलं. एकही शब्द न बोलता ते धावले.

बहिरा धावला नाही. तो भिंतीकडे तोंड करून खाली बसला होता, पाचरी पोत्यात भरत. त्याने हसणं ऐकलं नव्हतं, ओरडणं ऐकलं नव्हतं, आणि आतापर्यंत आजूबाजूला कुणी पळालेलंही त्याला दिसलं नव्हतं. पाठ वाकलेली, डोकं पोत्यात घातलेलं. दादाने वळून पाहिलं. उताराकडे त्याला चार पावलं होती, बहिऱ्याकडे जास्त. तो बहिऱ्याकडे गेला.

भिंत कोसळली असं म्हणता येणार नाही. ती उभीच्या उभी पुढे सरकली, जसा टेबलावरून कुणी पेला सरकवावा, आणि मग बसली. आवाज नंतर आला. धूळ उडाली नाही, सगळं ओलं होतं. दादाचा हात बहिऱ्याच्या खांद्यावर पडलेला मी पाहिला. बहिऱ्याने मान वर केली तेही पाहिलं. पुढचं नाही, कारण मी शेडच्या जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन, डोकं हातांत घालून पडले होते, आणि मला तसं उचलायला चार बाया लागल्या असं मागाहून कळलं.

जावई अजून सांगतो की मी मामांना मारायला धावलो होतो. त्याला वाटतं हे सगळ्यांना कळलं पाहिजे. मारायला धावलो म्हणून वाचलो, असं तो म्हणतो.

खाणीत आता भोंगा बसवला आहे. मुक्याला तिथे काळा थर म्हणतात. आमच्या घरात लहान मुलांकडे कुणी मुका मागत नाही, पापी मागतात. नातवंडांना कारण माहीत नाही. मागच्या वर्षी धाकटी नात शाळेतून आली आणि तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, आजी, मुका म्हणजे काय, आमच्या पुस्तकात आहे. थोरली चुलीपाशी होती. तिने वळून न बघता सांगितलं, बोलत नाही तो.

माझा भाऊ, त्या खाणीचा मुकादम, आणि त्याच्याबरोबर बहिरा, असे दोघं पूर्वेच्या भिंतीखाली गेले. थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी, थंडी सरल्याच्या पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी.